‘लोभी माणसंच फसतात’: एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज आठवड्यात तीनदा आला, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाकडून. ‘डोळे उघडा!!’ असा मथळा, खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: ऑनलाइन फसवणूक फक्त लोभी आणि अडाणी माणसांची होते. अनोळखी फोन उचलला की खातं रिकामं होतं. एटीएमवर चोराने गाठलं तर पिन उलटा टाका, पोलीस आपोआप येतात. गेलेले पैसे परत येत नाहीत, तेव्हा तक्रारीच्या नादी लागू नका. आणि घरातल्या वयस्कर मंडळींकडून स्मार्टफोन काढून घ्या.

मी बँकेत नोकरी केली, शेवटची काही वर्षं तक्रारींच्या टेबलावर. मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण तक्रारीचं ते वाक्य वाचून कुणी गप्प बसला, तर त्याच्या नुकसानीत या मेसेजचाही वाटा असेल.

उलट्या पिनचं आधी उरकून टाकू. अशी सोय आपल्याकडच्या कुठल्याही एटीएममध्ये नाही. अमेरिकेत एकाने या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, त्यावरून ही अफवा जगभर फिरते आहे. ज्याचा पिन २११२ आहे त्याने तो उलटा कसा टाकायचा? इतरांना मशीन फक्त ‘चुकीचा पिन’ सांगेल, आणि शेजारी सुरा घेऊन उभा असलेला माणूस आणखी चिडेल.

नुसता फोन उचलून पैसे जात नाहीत. पैसे जातात ते ‘हॅलो’नंतर. कुणी ओटीपी काढून घेतो, कुणी स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला लावतो, कुणी ‘दुसरा कॉल येतोय, जोडून घ्या’ म्हणतो आणि तो दुसरा कॉल ओटीपी वाचून दाखवणारा असतो. अलीकडे तर फोनचीही गरज उरलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून फाइल येते, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसतेच, ते अ‍ॅप असतं. एसएमएस वाचायची परवानगी दिलीत की तुमचे ओटीपी तिकडे कुणीतरी बसून वाचतो. अनोळखी फोन टाळून सुरक्षित झालो असं मानणाऱ्याला ही पत्रिका बरोबर गाठते. युपीआयचं एक लक्षात असू द्या: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत, मग समोरचा ‘रिफंड’ म्हणो की ‘बक्षीस’.

आता ते ‘लोभी आणि अडाणी’. अर्ध्या दिवसात दुप्पट करून देणाऱ्या शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपमध्ये लोभ असतो, नाकारत नाही. पण ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेत, लोभ कुठे आहे? तिथे भीती आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल, वय ८२, या सापळ्यात सात कोटी रुपये गमावून बसले. सीबीआयचे बनावट अधिकारी, मनी लाँडरिंगची धमकी, सरन्यायाधीशांची नक्कल करणारा माणूस आणि ऑनलाइन भरवलेलं खोटं न्यायालय. स्काइपवरचा व्हिडिओ कॉल रात्रंदिवस चालू ठेवायला लावला होता. देशातला एक मोठा वस्त्रोद्योग चालवणाऱ्या माणसाला अडाणी म्हणायचं असेल तर आपण सगळे कोण?

व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं. तरीही माणसं फसतात, कारण समोर बसलेला एकटा भामटा नसतो. तो धंदा आहे, पाळ्या लावून चालणारा. नोकरीच्या आमिषाने आग्नेय आशियात नेलेल्या तरुणांना बळजबरीने तिथे बसवलेलं असतं. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या अशाच केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना सरकारने हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. पलीकडे लेखी संवाद तयार असतो, इकडे घाबरलेला एकटा माणूस. ‘कुणाला सांगू नका, हे राष्ट्रीय गुपित आहे’ हे वाक्य त्या संवादात असतंच. या भामट्यांना भीती पोलिसांची नसते, तुमच्या घरातल्यांची असते. नंतर तोंड बंद ठेवण्याचं काम आपला हा मेसेज करतो, फुकटात.

माझ्या टेबलासमोर एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, पैसे गेल्याच्या नवव्या दिवशी. इतके दिवस का थांबलात, विचारलं. म्हणाल्या, ‘मुलाला कळलं तर काय म्हणेल?’ नऊ दिवसांत ते पैसे किती खात्यांतून फिरून कुठे नोटा झाले असतील, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून ‘गेलेले पैसे परत येत नाहीत’ हे या यादीतलं सगळ्यात घातक वाक्य. चोरीचे पैसे आधी दुसऱ्या कुणाच्या, भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात, तिथून तुकडे होऊन पाच-दहा खात्यांत, मग एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो. ही साखळी कुठे तुटते ते तुम्ही किती लवकर कळवता त्यावर ठरतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला की तक्रार पैसे पोचलेल्या बँकेकडे जाते आणि तिथे उरलेली रक्कम गोठवली जाते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. हाताशी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक ठेवा. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर नोंदवा. ओसवालांच्या सात कोटींपैकी सव्वापाच कोटी लुधियाना पोलिसांनी मिळवले. सरकारने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार या यंत्रणेने सुरू झाल्यापासून ५,४८९ कोटींहून अधिक रक्कम वाचवली. एकट्या २०२४ मध्ये लोकांनी २२,८४५ कोटी गमावले, त्यापुढे हा आकडा लहान आहे. गोठवलेले पैसे हाती यायला कागदपत्रं आणि हेलपाटेही होतात. पण लहान म्हणजे शून्य नव्हे.

बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिलं: चूक ना तुमची ना बँकेची, अशा फसवणुकीत बँकेचा व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे ‘माझीच चूक’ म्हणून गप्प बसणाऱ्याने तर सगळ्यात आधी कळवायला हवं.

राहिला स्मार्टफोन काढून घ्यायचा सल्ला. माझी आई ८१ वर्षांची. तिचा फोन घेतला तर नातीचा व्हिडिओ कॉल, भजनी मंडळाचा ग्रुप आणि औषधांची आठवण, सगळंच जाईल. आम्ही काय केलं? पेन्शनच्या खात्याला युपीआय जोडलेलंच नाही. दुसऱ्या एका खात्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरते पैसे असतात, युपीआय त्याच्यावर. काही झालंच तर तेवढेच जातील. कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद. आणि एक बोली: पैशाचा विषय काढणारा कुणीही असो, आधी मला फोन. मी मीटिंगमध्ये असलो तरी, ती चूक करून बसली असली तरी, मी ओरडणार नाही. हे शेवटचं पाळणं मला जड गेलं, खोटं कशाला सांगू.

परवा खरंच कुरिअर आलं होतं. वस्तूचे पैसे द्यायचे होते. आईने आधी मला फोन लावला, मग त्याला पैसे दिले. तो बिचारा पाच मिनिटं दारात उभा होता.