२१ गिअर आणि १० किलो दळण

पिंट्या त्या दिवशी सायकल हातात धरून चालत आला. मागचं चाक बसलेलं, आणि हँडलच्या डाव्या मुठीला ज्वारीच्या पिठाची पिशवी लोंबकळत होती. एवढा ऐवज समोर आल्यावर लातूरच्या नंदी स्टॉपच्या आमच्या कट्ट्यानं गप्प बसावं, हे होणारच नव्हतं.

"काय रं, तू सायकल आणायलास का सायकल तुला आणायलीय?" अण्णांनी नारळ फोडला.

अण्णा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. शेजारी सर, ट्यूशन एरियात अकरावी-बारावीला गणित शिकवतात. कट्ट्याला लागून मिस्त्रीचं दुकान: एक पेटी, पायानं दाबायचा पंप, पाण्याचं घमेलं आणि छताला टांगलेले जुने टायर. मी रोज औसा रोडवरून गूळ मार्केटकडं ऑफिसला काळ्या सायकलवर जातो, त्यामुळं या विषयात मला फुकटचा अधिकार आहे असं मी समजतो.

पिंट्याची सायकल दिवाळीतली. १७ हजारांची, २१ गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. २०२५ च्या सप्टेंबरात सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा "आता नाही घेतली तर कधीच नाही" म्हणून त्यानं घेतली. बार्शी रोडनं हरंगुळच्या एमआयडीसीत जातो. पहिले दोन महिने आम्ही सगळ्यांनी तिच्यावर एकेक फेरी मारून घेतली. तिसऱ्या महिन्यापासून टिंगल सुरू झाली.

मिस्त्रीनं टायर उचकटला, ट्यूब घमेल्यात बुडवली. बुडबुडे दोन ठिकाणांहून आले. टायरच्या आतून बोट फिरवून त्यानं एक काटा काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. सराटा.

"रोड सोडून कशाला गेलतास?"

"उसाच्या ट्रॉल्या होत्या समोर. दोन-दोन जोडलेल्या. मागं ना लाईट, ना काही. खाली उतरलो तर हे."

यावर कुणी वाद घातला नाही. गाळपाच्या दिवसांत संध्याकाळी बार्शी रोडला ज्यानं सायकल चालवली, त्याला ट्रॉलीच्या मागचा अंधार माहीत असतो. सराट्याचं मात्र सरांनी काढलंच. त्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, प्रत्येकाला दोन मोठे काटे, आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. अमेरिकेत या वेलीला 'पंक्चरवेल' असंच नाव आहे म्हणे. "म्हणजे तिकडं बी मिस्त्रीचं पोट भरतंय," अण्णा म्हणाले.

"पिंट्या, मला एक सांग," अण्णा पुढं सरकले. "तुझ्या सायकलला गिअर २१. आपल्या लातूरला चढ किती?"

कट्टा हसला. पिंट्याला हे अपेक्षित असावं, कारण उत्तर तयार होतं. "चढ न्हाई अण्णा, वारं हाय. जून-जुलैत सकाळी हरंगुळकडं निघा एकदा. पश्चिमेचं वारं असं छातीवर येतंय की पायडल मारूनबी सायकल जागची हलत न्हाई."

"मी ३० वर्षं एकच सायकल चालवलो. वारं काय तवा नव्हतं?"

"होतं. म्हणून तर तुमचे गुडघे..."

इथं सरांनी हात वर केला. बिस्किटाच्या पुड्याचा खोका फाडला, माझ्या खिशातला पेन घेतला. आधी अण्णांच्यासारखीच माझी काळी सायकल आडवी करून दाते मोजले: पुढच्या चक्रीला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरणार. चाक २८ इंची, त्याचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर. एका पायडलात सायकल साडेपाच मीटरला थोडी कमी जाते.

मग पिंट्याची. पुढं तीन चक्र्या, ४२, ३४, २४. मागं सात, सगळ्यात लहान १४, सगळ्यात मोठी २८. चाक २६ इंची. सरांनी मोठीवर लहान टाकून काढलं: सव्वासहा मीटर. लहानीवर मोठी टाकून काढलं: पावणेदोन मीटर.

"आता गंमत बघा," सर म्हणाले. "पुढं ४२, मागं १६. किती येतं? ५.४ मीटर. म्हणजे अण्णा, तुमची सायकल म्हणजे पिंट्याच्याच सायकलीचा विसावा गिअर. २१ पैकी विसाव्यावर कायमची अडकलेली. वाऱ्यात, चढात, डबलसीट, सगळीकडं विसावाच."

अण्णा खोक्याकडं बघत राहिले. मला वाटलं संपलं. पण कंडक्टर माणूस, सुट्टे पैसे असे सोडत नाही. "म्हणजे उरलेले वीस फुकट घेतला की यानं. लई तर अजून दोन लागतील."

यात तथ्य आहे, आणि पिंट्यानंही कबूल केलं की रोज तो तीन-चारच गिअर वापरतो. २१ मधले बरेच एकमेकांसारखेच पडतात. पुढची मोठी आणि मागची मोठी एकत्र लावली तर चेन तिरकी ओढली जाते आणि कुरकुरते, म्हणजे तेही बाद. पण वाऱ्याचा मुद्दा सरांनी पिंट्याच्या बाजूनं दिला. तुम्ही ताशी १५ नं चाललात आणि समोरून १५ चं वारं आलं, तर अंगावर येतं ३० चं, आणि हवेचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. गिअर काही मेहनत वाचवत नाही. तो फक्त तीच मेहनत छोट्या-छोट्या हप्त्यांत फेडू देतो. "बँकेच्या कर्जासारखं," मी म्हणालो. "व्याज न्हाई पण," पिंट्या म्हणाला, "वेळ जास्ती लागतोय एवढंच."

मिस्त्रीचं या सगळ्याकडं लक्ष नव्हतं. तो सोलुशन वाळायची वाट बघत होता. पॅच चिकटवताना म्हणाला, "सकाळी हवा टाइट भरलास का? एप्रिलच्या उन्हात कायकू टाइट भरता बे. फुटतंय."

यावर सर परत उसळले. आमच्याकडं ही समजूत घरोघरी आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतं. सरांनी खोक्याची दुसरी बाजू घेतली. सकाळी २५ अंशाला ५० पौंड हवा भरली. दुपारी डांबरावर उभी करून टायर ६० अंशापर्यंत तापलं समजा. हवा फुगून किती होईल? ५७-५८ पौंड. पिंट्याच्या टायरवर छापलंय ४० ते ६५. "कुठं फुटलं? उलट हवा कमी ठेवली की दगडावर ट्यूब रिमला चिमटते, आणि एका वेळी दोन भोकं पडतात."

"मग दर उन्हाळ्यात माझ्याकडं फुटलेले टायर येतात ते काय मी घरी फोडतो?"

वाद इथं खरा रंगला, आणि मला दोघंही बरोबर वाटले. मिस्त्रीच्याच पेटीतून तीन टायर निघाले. तिन्हीच्या बाजूला उन्हानं भेगा पडलेल्या, आतला दोरा दिसायला लागलेला. त्या टायरला सात-आठ पौंड जास्तीचे पुरेसे होते. ऊन वर्षभर रबर खात होतं आणि नाव हवेवर आलं, असं सर म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "मग मी काय वेगळं बोललो?"

आणि मग त्यानं माझ्याकडं मोर्चा वळवला. काळ्या सायकलीत दुपारी हवा का उतरते, तर पंक्चर नसतंच. वालवर ती बारीक रबरी नळी असते, वालट्यूब, ती उन्हानं चिकट होते, चिरते. दोन-चार रुपयांची वस्तू. लोक ट्यूब बदलून घेतात. "तुमची मागच्या आठवड्यात बदललो, आठवतंय? पैसे राहिले." पिंट्याच्या सायकलला मोटरसायकलसारखा वाल, ती भानगड नाही. गिअरवाल्यांना एवढा एक गुण द्यायला हरकत नाही.

पॅच बसला, हवा भरली. पिंट्यानं पिठाची पिशवी परत मुठीला अडकवली. हँडल लगेच डावीकडं वळलं आणि सायकल त्याच्या पायावर आली.

"आता बोल," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "१७ हजाराची सायकल. कॅरेज कुठाय?"

पिंट्या गप्प.

"मडगार्ड न्हाई, चेनकव्हर न्हाई. स्टँड तू वेगळं घेतलास. घरी माय म्हणते १० किलो दळण आण, तर तू शेजाऱ्याची गाडी मागायलास. ही काय सायकल म्हणायची का?"

मग ते २०१६ च्या दुष्काळावर गेले. अण्णा तिथं गेले की आम्ही चहा परत सांगतो. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं होतं, पाचापेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटरची, आणि सगळ्या देशानं ती टीव्हीवर बघितली. ती रेल्वे आली तरी पाणी रेल्वेतून घरात चालत येत नाही. अण्णांच्या सायकलला दोन्ही अंगाला लोखंडी आकडे होते. १५ लिटरच्या चार घागरी. ६० किलो.

"चालवलो न्हाई. ढकललो. टँकरपासून घरापर्यंत, रात्री एकला, दोनला, जवा टँकर येईल तवा. एक घागर हिंदकळली तर मागून पोरगी ओरडायची. तवा गल्लीत गाड्या लई होत्या, पण घागरी गाडीवर बसत न्हाईत. सगळ्यांनी सायकली काढल्या माळ्यावरनं. त्यातली एक बी गिअरची नव्हती."

कुणी हसलं नाही. पिंट्या तेव्हा नववीत होता, त्यालाही ते आकडे आठवत होते. त्याच्या वडिलांच्याही सायकलला होते.

मला विचाराल तर अण्णा गिअरवर हरले आणि इथं जिंकले. सायकल हौसेची की कामाची, हे दात्यांनी ठरत नाही, कॅरेजनं ठरतं. ट्यूशन एरियात पोरांच्या शेकडो सायकली उभ्या असतात. नांदेडची, परभणीची, बीडची पोरं, खोलीपासून क्लासपर्यंत दोन वर्षं हिंडतात. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की विकून गावी जातात. मिस्त्री म्हणतो, त्यात ज्यांना पुढं जाळी आणि मागं कॅरेज, त्या दोन दिवसांत जातात. बाकीच्या पावसाळाभर त्याच्या भिंतीला टेकलेल्या. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, आधी साडेतीन हजार होते, मग ५ हजार झाले. त्या पैशात कुठली मुलगी कॅरेज नसलेली सायकल घेईल? दप्तर कुठं ठेवायचं, आणि धाकट्या भावाला?

पिंट्याचं दुखणं मात्र वेगळं होतं, ते त्यानं शेवटी बोलून टाकलं. "कॅरेज लावलं की लोक विचारतात, दूधवाला झालास का. काळी सायकल असती तर विचारले असते, गाडी बिघडली का."

हे मात्र खरं. तिशीच्या पुढचा माणूस कामाच्या वेळी सायकलवर दिसला की आमच्याकडं दोनच शक्यता मानतात: गाडी बिघडली, नाहीतर डॉक्टरनं सांगितलं. मला ऑफिसात पहिलं वर्षभर शिपाईसुद्धा विचारायचा, "साहेब, शुगर किती?" पिंट्याच्या सायकलला कुणी असं विचारत नाही. ती इतकी महाग दिसते की तिच्यावर बसणं हा शौकच वाटतो. १७ हजारांतले निम्मे तरी त्यानं या एका प्रश्नापासून सुटका म्हणून मोजले असावेत. मी त्याला नावं ठेवणार नाही. मीही मधे वर्षभर स्कूटरवर जायचो, ते उगाच नाही.

मिस्त्री उठला, टायरांच्या मागून एक जुनं काळ्या सायकलीचं कॅरेज ओढून काढलं. मागच्या चाकाच्या नटाला लावून बघितलं. उजवा पाय बसला, डावा डिस्क ब्रेकवर अडला.

"नक्को हे. लूक जाईल," पिंट्या म्हणाला.

"लूक गेला तर दळण येईल," अण्णा म्हणाले.

डावा पाय मिस्त्रीनं शिकंज्यात धरून बाहेरच्या अंगाला वाकवला, दोनदा लावला, दोनदा काढला. वरची पट्टी सीटच्या दांडीला कसली. तोवर सर खोक्यावर अजून काही मांडत होते. कॅरेजवर १० किलो टाकल्यावर पुढचं चाक किती हलकं होईल, असलं काहीतरी. कुणी विचारलं नाही. पिंट्यानं आमच्याकडं पाठ करून जुन्या ट्यूबची पट्टी घेतली आणि पिठाची पिशवी कॅरेजवर आवळून बांधली. हलवून बघितली. हलली नाही.

तो निघाला, तेव्हा मागून टक-टक असे दोन आवाज आले.

"कितवा टाकला?" अण्णांनी सरांना विचारलं.

सर काही बोलायच्या आत मिस्त्रीनं शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं: पिंट्या, कॅरेज, ३५०. त्याच्या वरची ओळ माझी होती, वालट्यूब, ४ रुपये. त्याखाली त्यानं आजची तारीख टाकली आणि माझ्याकडं बघत उभा राहिला.