कुत्र्याला घेऊन जायचे तरी कुठे?

कुत्रा सोबत नेण्याचे नियम कडक आहेत, ही माझी तक्रार मुळीच नाही; ते कुठेच धड लिहिलेले नसतात, याचा मात्र आता संताप येतो. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा या विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत पाळीव कुत्रा नेता येत नाही आणि ते योग्यच आहे, कारण कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार वन्य प्राण्यांत शिरला की काय होते, हे २०१८ मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंनी दाखवून दिले.

पण जंगलाबाहेरच्या जागांचे काय? आमच्याकडच्या तलावाच्या फाटकावर भलामोठा फलक आहे. त्यावर दारू, प्लास्टिक, पोहणे, मासेमारी या सगळ्यांची मनाई ठळक अक्षरांत आहे, कुत्र्याविषयी चकार शब्द नाही. सकाळचा चौकीदार ‘साखळी असू द्या, म्हणजे झालं’ म्हणतो, तर संध्याकाळचा तिकिटाचे पैसे घेऊन झाल्यावर परत पाठवतो. रेबीजच्या लसीचे कार्ड तर कोणी उघडूनही पाहत नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात, म्हणून पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच बाहेर काढावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी शिवारात बिबट्याची भीती असते. त्यामुळे कुंपणाची जागा ही आमची चैन नव्हे, गरज आहे. साखळी किती लांब हवी, विष्ठा उचलून कुठे टाकायची, पाण्यात उतरू द्यायचे की नाही, एवढे त्याच फलकावर रंगवायला अडचण कोणती? मनाई असेल तर तीही स्पष्ट लिहा. आम्ही घरून निघणारच नाही.