चार भोकांची तलवार

रात्री पावणेबाराला बायकोने कूस बदलली आणि डोळे न उघडताच विचारलं, "झाली का तुझी तलवार?"

"ऑर्ट मिळाला. आम्न राहिलाय."

"बरं," म्हणून ती परत झोपली. सोसायटीच्या लिफ्टबद्दलही ती याच आवाजात विचारते. उत्तराची अपेक्षा नसते, चौकशी केली एवढंच.

डायब्लो टू हा राक्षस मारायचा खेळ आहे असा बाहेरच्यांचा समज असतो. माझाही होता. 2001 मध्ये त्याची पुरवणी, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन, आली तेव्हा मी कॉलेजात होतो. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळायचो, त्यामुळे विचार करायला वेळ नसे; दिसेल त्याला हाणायचं आणि मिळेल ते अंगात घालायचं. 2021 मध्ये तोच खेळ 'रिझरेक्टेड' म्हणून नव्या कपड्यांत परत आला. आता लॅपटॉप माझा, वेळ माझा, आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा फोनवर सल्लागार. घात तिथेच झाला.

कारण राक्षस मारणं हे यातलं किरकोळ काम निघालं. उरलेला वेळ मी सोनाराच्या पेढीवर बसल्यासारखा बसलेला असतो. तलवारी, ढाली, चिलखतं, शिरस्त्राणं यांना भोकं असतात. खेळात त्यांना सॉकेट म्हणतात, आमच्या घरात भोकंच. त्यात खडे बसवायचे. खडे सात प्रकारचे: माणिक, नीलम, पाचू, पुष्कराज, हिरा, अ‍ॅमेथिस्ट आणि कवटी. होय, कवटी. सहा खडे सराफाकडून आणले आणि सातवा परतीच्या वाटेवर उचलला असावा. खडा एकच, पण जागेप्रमाणे गुण बदलतो. माणिक चिलखतात बसवलं तर आयुष्य वाढतं, हत्यारात बसवलं तर आगीचा मार बसतो, ढालीत बसवलं तर आगीपासून बचाव होतो. पुष्कराज तर्जनीतच घाला, अनामिकेत नको, असं सांगणारे आमच्या चाळीतले जोशीकाका या खेळात सहज पोट भरतील.

प्रत्येक खड्याच्या पाच प्रती. सगळ्यात खालचा चिप्ड, म्हणजे निव्वळ टवका, आणि सगळ्यात वरचा परफेक्ट. एका प्रतीचे तीन खडे होराड्रिक क्यूब नावाच्या पेटीत टाकून बटण दाबलं की वरच्या प्रतीचा एक खडा हातात येतो. म्हणजे एका परफेक्ट पुष्कराजामागे 81 टवके. (ही पेटी पिशवीत चार घरं अडवते आणि तिच्या आत बारा घरं मावतात. आमच्या आजीच्या ट्रंकेलाही हे जमत नव्हतं.)

एकदा बसवलेला खडा बाहेर निघत नाही, हा यातला जीवघेणा नियम. आणि मी ज्या घरात वाढलो तिथे स्टीलच्या डब्यांचा एक संच किमतीच्या चिठ्ठीसकट अजून माळ्यावर आहे, 'चांगल्या वेळी काढू' म्हणून. त्यामुळे माझ्या पेटीत परफेक्ट खड्यांच्या रांगा लागल्या आणि माझी जादूगारीण, जिचं नाव मी गोदाक्का ठेवलंय, ती रिकाम्या भोकांचं शिरस्त्राण घालून वाळवंटभर हिंडत राहिली. खिडकीला काच नाही, पण काच कपाटात आहे.

हे चालून गेलं असतं. पण भाच्याने मला रूनची दीक्षा दिली.

रून म्हणजे अक्षर कोरलेले दगडाचे तुकडे. एकूण 33, एलपासून झॉडपर्यंत. ठरावीक रून ठरावीक क्रमाने, बरोबर तितक्याच भोकांच्या वस्तूत बसवले, की त्यांचा एक शब्द होतो आणि त्या वस्तूत दैवी ताकद येते. वस्तू मात्र साधी, बिनजादूची लागते. निळ्या किंवा पिवळ्या अक्षरांची, म्हणजे मुळातच जादूची असेल, तर शब्द उमटत नाही. एक भोक जास्त असलं तरी नाही, कमी असलं तरी नाही. आमच्या लग्नात पत्रिका जुळवताना एवढं बघितलं नव्हतं.

पहिला शब्द जमला: दोन भोकांच्या चिलखतात टाल आणि एथ, की झालं 'स्टेल्थ'. गोदाक्का तुरुतुरु पळायला लागली. मला वाटलं, हात बसला आपला.

"मामा, आता स्पिरिट कर," भाचा म्हणाला. "चार भोकांची तलवार घे. टाल, थुल, ऑर्ट, आम्न. सगळ्या विद्या दोनने वाढतात, आणि मंत्रही भराभर सुटतात."

"अरे, पण ती जादूगारीण आहे. लांबून बर्फाचे गोळे फेकते. तलवारीचं काय करू?"

"चालवायची नाहीये. नुसती हातात धरायची."

हे मात्र पटलं. लग्नात नवऱ्या मुलाच्या हातात कट्यार देतात, तेव्हा त्याने ती चालवावी अशी कोणाचीच इच्छा नसते.

तलवार कुठली घ्यावी, तर क्रिस्टल स्वोर्ड. ती मला नाइटमेअर, म्हणजे नॉर्मलच्या वरच्या, जास्त कठीण पातळीच्या दुसऱ्या अंकात, वाळवंटातच सापडली. साधी, कोरी, एकही भोक नसलेली. आणि भोकं पाडून देणारा कारागीर मला ठाऊक होता. पाचव्या अंकात हॅरोगाथ गावी लार्झुक नावाचा लोहार आहे. गावाला वेढा घालून बसलेल्या शेंकला मारलं की तो खूश होऊन एका वस्तूला भोकं पाडून देतो, एका पातळीत एकदाच. नॉर्मल पातळीतलं ते काम मी अर्थातच राखून ठेवलं होतं. चांगल्या वेळी काढू म्हणून.

गेलो. तलवार त्याच्या पुढ्यात ठेवली. ठक्कन आवाज आला. तलवारीवर लिहून आलं: सहा भोकं.

मी भाच्याला फोन लावला. तो आधी हसला, मग त्याने समजावलं. लार्झुक साध्या वस्तूला मोजून भोकं पाडत नाही. त्या वस्तूला जास्तीत जास्त जितकी पडू शकतात तितकी पाडतो. आणि किती पडू शकतात हे वस्तू कुठे सापडली यावर ठरतं. क्रिस्टल स्वोर्डची आतली पातळी (वस्तूला सापडतानाच मिळालेला छुपा आकडा) 26 ते 40 असेल तर चार भोकं, 41 च्या पुढे गेली की सरळ सहा. "तू ती नाइटमेअरमधली नेलीस, मामा. नॉर्मलमधली न्यायची होती." म्हणजे माल चांगला होता हाच त्याचा दोष. आमच्या स्वयंपाकघरात एका फळीसाठी सुताराने अशीच भिंतीला सहा भोकं पाडली होती. त्याला निदान बोलता तरी आलं. लार्झुकला बोलावं तर तो पुन्हा आपलं स्वागताचं वाक्य म्हणतो.

तलवार नंतर बघू, आधी रून जमवू, असं ठरवलं. फॉरगॉटन टॉवरच्या पाचव्या तळघरात एक काउंटेस राहते, ती मेली की बरेचदा रून टाकते. तिला मी आठवड्याभरात चाळीसेक वेळा मारलं असेल. दर वेळी पाच तळघरं उतरायची, तिला मारायचं, आणि आपल्याकडे आधीच असलेला रून घेऊन वर यायचं. टाल आला, ऑर्ट आला, थुल तर चार आले. आम्न काही येईना.

तेव्हा भाच्याने तोड सांगितली. तीन थुल आणि एक चिप्ड पुष्कराज क्यूबमध्ये टाकले की आम्न होतो. चार थुलांतले तीन घालायचे, एक उरेल. हिशोब बरोबर बसत होता. मी आनंदाने पेटी उघडली.

माझ्याकडे परफेक्ट पुष्कराज सहा होते. चिप्ड एकही नाही.

एसटीत पाचशेची नोट पुढे केल्यावर कंडक्टर ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने तो क्यूब माझ्याकडे बघत होता. सुट्टे द्या. 81 टवके घालून केलेला परफेक्ट पुष्कराज मोडून एक टवका परत मिळावा, तर तशी सोय नाही. पानाच्या गादीवरही एवढी अडवणूक होत नाही. मग नाइटमेअर गाजवणारी गोदाक्का खाली नॉर्मलच्या पहिल्या अंकात उतरली आणि गुडघ्याएवढ्या सैतानांच्या पोरांवर बर्फाचे गोळे फेकत दोन रात्री माळरानावर हिंडली. निवृत्त फौजदाराने शाळेच्या गेटवर चिंचा हिसकावत उभं राहावं, तसं ते दृश्य होतं. तिसऱ्या रात्री टवका पडला. त्याच रात्री आम्न झाला. बायकोला उठवून सांगणार होतो, पण संसार टिकवायचा होता.

राहिली तलवार. त्यासाठी गाई. या खेळात एक गुप्त कुरण आहे. विर्ट नावाच्या पोराची लाकडी तंगडी आणि टाउन पोर्टलचं पुस्तक क्यूबमध्ये घातलं की तिथलं दार उघडतं. आत शेकडो गाई मागच्या दोन पायांवर उभ्या, हातात लांब दांड्याची हत्यारं, आणि तोंडाने शांतपणे मू मू करत अंगावर येतात. नॉर्मलमधल्या या कुरणातली क्रिस्टल स्वोर्ड बरोबर चार भोकांपर्यंतच जाते, म्हणून तिथेच जायचं. आई रोज पहिली पोळी गाईसाठी बाजूला काढते, त्यामुळे हा भाग मी तिच्या खोलीकडे पाठ करून, आवाज बंद करून खेळलो. तिसऱ्या फेरीत राखाडी अक्षरांत तलवार पडलेली दिसली. बोट ठेवून मोजलं. चार.

आता फक्त क्रम. भाच्याने खूण सांगून ठेवली होती: "आधी टाळ वाजतो, मग माणूस थुईथुई नाचतो. टाल, मग थुल. पुढचं सोपंय." इतकी साधी खूण. पण रात्रीचा एक वाजलेला, हाताला घाम सुटलेला, आणि आमच्याकडच्या वरातीत लोक बँड येण्याआधीच नाचायला लागतात. मी थुल आधी बसवला.

चारही रून बसले. आवाज झाला. सोनेरी अक्षरं काही उमटली नाहीत. तलवारीवर नुसतं लिहून आलं: 'जेम्ड क्रिस्टल स्वोर्ड'. चारही दगड सुटे सुटे आपापला गुण दाखवत बसले होते. आम्नचा गुण काय, तर प्रत्येक घावागणिक शत्रूला जितका मार बसेल त्याच्या सात टक्के आयुष्य शोषून घ्यायचं. गोदाक्काने आजवर कोणावर तलवार उगारलेली नाही.

"काढता येतात," भाचा सकाळी म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. "हेल रून आणि टाउन पोर्टलची गुंडाळी घेऊन तलवार क्यूबमध्ये घाल. भोकं रिकामी होतात."

"आणि रून?"

"ते नष्ट होतात."

म्हणजे या चौघांपेक्षा महागडा रून जाळायचा, कशासाठी, तर हे चौघेही जळावेत म्हणून.

पुढचे तीन आठवडे मी सांगत नाही. काउंटेस, टवका, गाई, सगळं पुन्हा. एवढंच की या वेळी मी कागदावर एक, दोन, तीन, चार लिहून तो स्क्रीनच्या कडेला चिकटवला, आणि रून उचलण्याआधी दर वेळी नाव मोठ्याने वाचलं. टाल. थुल. ऑर्ट. आम्न.

सोनेरी अक्षरांत 'स्पिरिट' उमटलं. सगळ्या विद्या दोनने वर. मंत्राचा वेग 25 ते 35 टक्क्यांत कितीही पडू शकतो, मला 26 पडला, चालतंय. मी तलवार उचलून गोदाक्काच्या हाताच्या चौकोनावर नेली. बसेना. परत नेली. बसेना.

"झाली का तुझी तलवार?" अंधारातून आवाज.

"झाली."

ती खरंच उठून बसली. चष्मा शोधून घातला, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं. "छान आहे की. आणि हे लाल काय लिहिलंय?"

लाल अक्षरांत लिहिलं होतं की ही तलवार धरायला 43 ताकद लागते. ते पहिल्या दिवसापासून, तिन्ही तलवारींवर लिहिलेलं होतं. पण भोकं मोजणारा माणूस अक्षरं वाचत नाही. गोदाक्काची ताकद 30. मिळतील ते सगळे गुण मी आयुष्य वाढवण्यात घातले होते, आणि गुण परत वाटून देणाऱ्या आकाराबाईंची दोन्ही पातळ्यांतली माफी केव्हाच वापरून बसलो होतो. आता आणखी तीन लेव्हल वर चढेपर्यंत तलवार पेटीत, परफेक्ट पुष्कराजांच्या शेजारी.

"तिला उचलत नाहीये," मी म्हणालो.

बायकोने चष्मा काढून ठेवला. "जिमची वर्षाची फी पण तू अशीच भरली होतीस," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.