काका, यंत्र त्यांच्याकडेही होतं

नमस्कार काका. प्रतिक्रियेखाली नावाच्या जागी तुम्ही 'एक निवृत्त बँकवाला' एवढंच लिहिलंय, म्हणून काकाच म्हणतो. उत्तराला चार दिवस लागले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता, तिसऱ्यांदा वाचेपर्यंत तो बराचसा माझ्यावरच वळला.

बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. क्रिप्टो सांभाळण्याबद्दलच्या माझ्या लेखात मी 'हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोची किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र) घ्या' हाच धोशा लावला, पण वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजकडेही, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीकडेही, तीच यंत्रं होती आणि तरी चोरी झालीच. सामान्य माणसाला वॉलेट उघडणारे बारा-चोवीस शब्द सांभाळणं झेपत नाही, त्यापेक्षा एक्स्चेंजवर ठेवलेलं बरं, तिथे निदान तक्रार ऐकायला कुणी असतं. मला यंत्रवाल्यांकडून कमिशन मिळत असणार. आणि शेवटचा टोला: 'उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या बायकोला ते पैसे मिळतील का, हे आधी लिहा.'

कमिशन मिळत नाही. तो विषय संपला. बाकीच्यावर बोलतोच, पण आधी एक तातडीचं.

टीकेच्या ओघात तुम्ही सहज लिहून गेलात की मुलाने माझा लेख वाचून सगळं एक्स्चेंजवरून काढून फोनमधल्या वॉलेटमध्ये घेतलं, आणि कागद हरवेल म्हणून बारा शब्दांचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅप केला. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तो फोटो आता गॅलरीत आहे, बहुतेक गूगल फोटोजमध्ये आहे, व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्ये आहे आणि ऑफिसच्या कंप्युटरवर व्हॉट्सअॅप वेब उघडं असेल तर तिथेही आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचा मालवेअर उघडकीला आणला. प्ले स्टोअर आणि अॅपलचं अॅप स्टोअर, दोन्हीकडच्या साध्यासुध्या दिसणाऱ्या अॅप्समध्ये तो दडलेला होता. फोटो बघायची परवानगी मागायचा आणि फोटोंतला मजकूर वाचून नेमके असले शब्द हुडकायचा.

पण मुलाला फोन करून 'फोटो डिलीट कर' म्हणू नका. ती शब्दांची एकुलती एक प्रत असेल तर चोराचं काम आपणच केल्यासारखं होईल. आधी नवं वॉलेट, नवे शब्द, ते हाताने कागदावर, आणि दोनदा ताडून पाहायचे. मग ते नवं, अजून रिकामं असलेलं वॉलेट फोनवरून काढून टाकायचं आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उघडून बघायचं. उघडलं, तर पाचशे रुपयांइतकं पाठवायचं. पोचलं, तर उरलेलं. फोटोची पाळी सगळ्यात शेवटी, आणि ते जुने शब्द पुन्हा कशालाही वापरायचे नाहीत. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेणं ही विक्री नव्हे, पण तारीख आणि संख्या वहीत टिपून ठेवायला सांगा. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा कशातूनही वजा करता येत नाही, तेव्हा पुढे विवरणपत्र भरताना ती वहीच कामाला येते.

हा फोटो प्रकार घडला याला मी काही अंशी जबाबदार आहे. लेखात यंत्रांवर आठ परिच्छेद होते आणि शब्दांवर दोन ओळी. उलटं हवं होतं.

आता वझीरएक्स. तुमची माहिती बरोबर आहे. १८ जुलै २०२४ला तिथून २३ कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे एकोणीसशे कोटी रुपयांच्या आसपास गेले. त्या वॉलेटला सहा सह्या करणारे होते, पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या कस्टडी कंपनीचा, म्हणजे दुसऱ्यांचं क्रिप्टो सांभाळणाऱ्या कंपनीचा. वझीरएक्सच्या तिघांनी सही केली की लिमिनलची अखेरची मंजुरी, अशी पद्धत होती. तिघांच्याही हातात लेजर कंपनीचं हार्डवेअर वॉलेट होतं. तुमच्या शाखेतल्या तिजोरीची एक किल्ली हेड कॅशियरकडे आणि दुसरी मॅनेजरकडे असायची ना, त्याचीच ही वाढीव आवृत्ती.

मग गेलं कसं? किल्ली कुणी चोरली नाही. वझीरएक्सचं म्हणणं असं की लिमिनलच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली. लिमिनलने आपल्याकडे घुसखोरी झाल्याचं नाकारलं. दोष कुणाचा हा वाद बाजूला ठेवला तरी ज्यावर सह्या झाल्या तो कागद कसला होता ते स्पष्ट आहे. त्यावर 'अमुक इतके पैसे द्या' असं नव्हतंच, 'तिजोरीचं कुलूप बदला' असं होतं. एकदा नवं कुलूप बसलं की जुन्या किल्ल्या कितीही सुरक्षित असोत, काय उपयोग?

सात महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ला, बायबिट या परदेशी एक्स्चेंजचं असंच झालं. दीड अब्ज डॉलरच्या घरात. तिथे वॉलेटचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या एका डेव्हलपरच्या मशीनमधून हल्लेखोर शिरले आणि सही करणाऱ्यांना दिसणारं पानच त्यांनी बदललं. पडद्यावर नेहमीचा व्यवहार, खाली दुसराच कागद. हातातल्या यंत्रावर माणसाला वाचता येईल असं फारसं काही उमटतच नाही अशा वेळी. त्याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. तुमच्या भाषेत, व्हाउचर न वाचता मारलेली सही. पासिंग ऑफिसर चांगला, शिक्का खरा, दोन सह्या हजर, फक्त व्हाउचर कुणी वाचलेलं नाही. अशी प्रकरणं तुम्ही नोकरीत पाहिली असतीलच.

म्हणून माझं म्हणणं दुरुस्त करून घेतो. यंत्र किल्ली सांभाळतं. सही कशावर करतोय ते वाचायचं काम ते आपल्यासाठी करत नाही. जो माणूस बिटकॉइन घेतो आणि नुसतं ठेवून देतो, त्याच्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम सरळ दिसते, आणि तेवढी वाचली की पुरतं. जो रोज नवनव्या साइटना वॉलेट जोडून 'अप्रूव्ह' दाबत सुटतो, त्याला दहा हजारांचं यंत्रही वाचवणार नाही.

पत्ता वाचायचा म्हणजे सगळा वाचायचा, ही एक पुरवणी. मे २०२४मध्ये एकाने १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (दुसऱ्या ब्लॉकचेनवर चालणारं बिटकॉइनचं रूप) चुकीच्या पत्त्यावर पाठवले. चोराने त्याच्या ओळखीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि तसाच शेवट असलेला पत्ता बनवून त्याच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत पेरला होता, आणि ह्याने यादीतून कॉपी केला. पुढे चोराने बरीचशी रक्कम परत केली. असले चोर रोज भेटत नाहीत.

एक्स्चेंजवर ठेवण्याबद्दल. छोट्या रकमेला माझी हरकत नाही. जेवढे पैसे खिशात घेऊन तुम्ही संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढाल तेवढे एक्स्चेंजवर नाहीतर फोनमध्ये असू द्या. पण तुम्ही 'बँकेसारखं' हा शब्द वापरलाय, तिथे थांबतो. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते, ती माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीतली होती. पण तिथे ठेव विमा होता, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. एक्स्चेंजवरच्या क्रिप्टोला असा विमा नाही. वझीरएक्सने चोरीनंतर थोड्याच दिवसांत ग्राहकांपुढे ५५-४५चा प्रस्ताव ठेवला होता: ५५ टक्के वापरा, ४५ टक्के अडकलेले समजा. ज्यांचे कॉइन चोरीला गेलेच नव्हते त्यांनीही तोटा वाटून घ्यावा, अशी ती कल्पना. ओरड झाली, प्रस्ताव मागे पडला. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. दुसरं टोकही सांगायला हवं. जुलै २०२५मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्स्चेंजचे ४.४ कोटी डॉलर गेले तेव्हा कंपनीने ते स्वतःच्या गंगाजळीतून भरले, ग्राहकांना झळ लागली नाही. म्हणजे तुमचं नशीब मालकाच्या खिशावर आणि मर्जीवर.

आणि तक्रार ऐकणारा माणूस? तो असतो, पण गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधलात तर बऱ्याचदा पहिला भेटतो तो चोरच. 'व्हेरिफिकेशनसाठी बारा शब्द सांगा' म्हणतो. ओटीपी सांगू नका हे तुमच्या पिढीला आता पाठ झालंय, हे त्याच्या पुढचं आहे, कारण ओटीपी दहा मिनिटांत मरतो आणि हे शब्द कधीच मरत नाहीत. ज्याला ते दिसले तो मालक. पुण्यात बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी ज्या दोघा तज्ज्ञांची मदत घेतली, त्यांनाच मार्च २०२२मध्ये अटक झाली. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो त्यांनी स्वतःकडे वळवलं.

'सामान्य माणसाला शब्द सांभाळणं झेपत नाही' हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात बोचला, कारण मलाही झेपलं नव्हतं. २०१९मध्ये मी बारा शब्द जेल पेनने कागदावर लिहिले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि रत्नागिरीजवळच्या घरी आईच्या कपाटात, साड्यांखाली ठेवून दिले. चोर तिथवर येणार नाही हा हिशेब बरोबर होता. पावसाळा येतो हे विसरलो. गणपतीला गेलो तर पिशवीच्या आत दमट, कागद मऊ आणि सातव्या शब्दाचं शेपूट निळ्या डागात विरघळलेलं. पहिली तीन अक्षरं तेवढी दिसत होती: एस, ए, एल.

वाचलो ते एका सोयीमुळे. हे शब्द २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतूनच येतात, आणि त्या यादीत कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात. एस-ए-एलने सुरू होणारे पाचच: सॅलड, सॅमन, सलॉन, सॉल्ट, सल्यूट. चौथं अक्षर शिल्लक असतं तर प्रश्नच नव्हता. शिवाय शेवटच्या शब्दात एक ताळा दडलेला असतो, त्यामुळे चुकीचा शब्द घातला तर बहुतेक वेळा यंत्र तिथेच नाकारतं. ओटीवर बसून, यंत्रावरच, एकेक घालून पाहिला. सॅलड, नाही. सॅमन, उघडलं. आई आतून विचारत होती की आरतीला येतोयस की नाही. (ते वॉलेट आता रिकामं आहे, कुणी उत्साहाने बाकीचे अकरा शोधू नयेत.)

तेव्हापासून कागदावर लिहिलं तर पेन्सिलने, आणि मुख्य प्रत स्टीलवर. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात तसं. अर्थात दुकानदाराकडून मुळीच नाही, तो शब्द वाचेल. नाव घालायचं ते यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते आणून घरीच कोरायचं, प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. माझी अक्षरं वेडीवाकडी आहेत, पण पावसात धुऊन निघणार नाहीत.

वॉलेटचं यंत्र कुठलं, यावर मी आता फार भांडत नाही. त्याला स्वतःचा पडदा हवा, ते थेट कंपनीकडून घेतलेलं हवं, आणि शब्द त्याने तुमच्यासमोर तयार केलेले हवेत. डब्यातच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ते यंत्र कचऱ्यात. ट्रेझर या यंत्राचा कोड खुला आहे, पण २०२०मध्ये क्रेकन या एक्स्चेंजच्या लॅबने दाखवलं की तेव्हाचं यंत्रच हाती लागलं तर पंधरा मिनिटांत आतलं बाहेर काढता येतं. लेजरमध्ये वेगळी सुरक्षित चिप आहे, पण त्याच वर्षी त्यांच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले, आणि पुढे काहींच्या घरी टपालाने नकली यंत्रं आली. दोन्हीत खोट निघाली. मी वापरतो ते कुठलं, ते सांगणार नाही. जानेवारी २०२५मध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचं फ्रान्समध्ये घरातून अपहरण करून खंडणीसाठी बोट कापलं होतं. माझ्याकडे तेवढं काही नाही, पण बोटं दहाच आहेत.

आता बायकोचा प्रश्न. स्टीलची पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये आहे, लॉकर दोघांच्या नावावर. वर एक जादा परवलीचा शब्द आहे, बारा-चोवीस शब्दांच्या जोडीला घालावा लागणारा, तो पट्टीवर नाही, बहिणीला तोंडी सांगितलाय. सोबत बायकोच्या नावे साधं मराठी पत्र. व्यवस्था पक्की आहे असं मला वाटत होतं. तुमची प्रतिक्रिया वाचून परवा रविवारी आम्ही तालीम केली. मी नाही असं समजून, तिने एकटीने, जुन्या रिकाम्या यंत्रावर. शब्द तिने वीस मिनिटांत घातले. मग बहिणीला फोन केला, परवलीचा शब्द घातला आणि वॉलेट उघडलं. शिल्लक शून्य.

बहिणीने पहिलं अक्षर कॅपिटल सांगितलं होतं, ते स्मॉल आहे. या शब्दाची गंमत अशी की चुकला तर यंत्र तक्रार करत नाही, मुकाट्याने दुसरंच रिकामं पाकीट उघडून दाखवतं. बायको म्हणाली, 'मला वाटलं, तू सगळे उडवलेस.' मी नसतो तर ती तिथेच थांबली असती.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं आजच्या तारखेचं उत्तर 'नाही' असं आहे. पत्र पुन्हा लिहायला घेतलंय, पुढच्या रविवारी परत तालीम. या खेपेला मी घराबाहेर जाऊन बसणार आहे.