मामा, ते सापळे परत लावा

‘कास्तकार बांधवांनो, आता तरी जागे व्हा’ असा सुरू होणारा मेसेज गेल्या पंधरा दिवसांत मला सात जणांनी पाठवला. सहा वेळा पुसून टाकला. सातव्यांदा तो यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडच्या मामांकडून आला आणि मागोमाग फोन, “काहून वं पोरी, त्या अळ्या तुमीच वाढवता म्हने?” मी अकोल्याला कीटकशास्त्रात एमएस्सी करते, विषय कापसाचं बोंड पोखरणारी गुलाबी बोंडअळी. मामांनी तोवर शेतातले बोंडअळीचे पतंग पकडायचे चारही कामगंध सापळे उपटून गोठ्याच्या माळ्यावर टाकले होते. ऐन पात्या-फुलांच्या दिवसांत.

मेसेज म्हणतो: कंपन्या बीटी बियाण्यातच (म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेल्या कापसाच्या बियाण्यात) अळीची अंडी घालून देतात. विद्यापीठातली पोरं अळ्या पाळून रात्री शेतात सोडतात. सापळे लावले की शेजाऱ्याचे पतंग आपल्याकडे येतात. बीटी निकामी झालं. उपाय काय, तर दोन जालीम औषधं, कपडे धुण्याची पावडर आणि देशीची क्वार्टर, सगळं एका पंपात.

अंड्यांचं आधी उरकते. या अळीचं अंडं चार-पाच दिवसांत फुटतं, बियाण्याचं पाकीट महिनोन्‌महिने दुकानात पडून असतं. आणि गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद १८४३ची आहे, तीही आपल्याच भरूचच्या कापसावरून गेलेल्या नमुन्यांची. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ साली. सरकीतून अळी प्रवास करते हे मात्र खरं. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून ती आत झोपून राहते. पण ती सरकी जिनिंगच्या आवारात असते, नाहीतर घरात साठवलेल्या कापसात.

आता आम्ही पोरं. हो, अळ्या पाळतो. सरकीचं पीठ, यीस्ट आणि आगर घालून त्यांची खीर शिजवतो, डब्यांवर तारखा लिहितो, कोणत्या मात्रेला किती मेल्या ते मोजतो. उरलेल्या डीप फ्रीजरमध्ये जातात. मागच्या जानेवारीत मामांच्याच फरदडीतली, म्हणजे हंगाम संपूनही उभ्या ठेवलेल्या कापसातली, बोंडं मी फोडली होती. निम्म्याहून जास्त बोंडांत अळी निघाली, काहींत दोन-दोन. माझ्या अख्ख्या हंगामाच्या डब्यांत नसतील एवढ्या अळ्या त्या एका तुकड्यात होत्या, आणि त्यांना कोणी रात्री येऊन सोडलं नव्हतं. पाणी होतं म्हणून पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवली होती, बस्स.

पतंग मुद्दाम सोडल्याची गोष्ट जगात घडली आहे, ती अमेरिकेत. तिथे कारखान्यात पतंग वाढवले, किरणोत्साराने वांझ केले आणि विमानातून कापसावर सोडले. शेतातल्या पतंगांचं मीलन या वांझांशी झालं की पुढची पिढीच होत नाही. त्याला बीटी कापसाची आणि कामगंधाची जोड दिली, आणि २०१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. मेसेजवाल्याने यातलं अर्धंच कुठेतरी ऐकलेलं दिसतं.

सर्वात जास्त राग मला सापळ्याच्या मुद्द्याचा आहे, कारण त्यावर मामांनी लगेच अंमल केला. सापळ्यात आमिष म्हणून लावतात त्या ल्युअरला मादीचा वास असतो. त्याला भुलून येतो तो नर. नर अंडी घालत नाही हो! शेजाऱ्याचे दहा नर आले तरी तुमच्या बोंडावर एक अंडं वाढत नाही. एकरी दोन सापळे लावायचे ते अळी मारायला नाही, ती कधी आली ते कळायला. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचं बघायचं. सापळा नसेल तर कळणार कशावरून? डोमकळीवरून. पाकळ्या पिळून घट्ट मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल. ते उकललं की आत काळ्या डोक्याची बारकी पांढरट अळी, अजून गुलाबीसुद्धा न झालेली. पण डोमकळी दिसेपर्यंत अळी शेतात शिरलेली असते, आणि ती बोंडात गेली की वरून काहीही मारा, आत पोचत नाही.

बीटी निकामी झालं? गुलाबी अळीपुरतं हो, मान्य. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटीलाही ती आता दाद देत नाही. २०१७ला विदर्भाने ते बघितलं. बियाणं विकताना ज्यांनी अळीची चिंताच मिटल्याचं सांगितलं, त्यांची बाजू घ्यायची मला काही हौस नाही. पण बीटी न पचणारे पतंगही शेतात टिकावेत आणि बीटी पचवणाऱ्यांशी त्यांचं मीलन व्हावं म्हणून सोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट यायचं, ते आपण किती जणांनी बांधाकडेनं पेरलं? आमच्या घरी ते कोनाड्यात पडून असायचं.

राहिला तो पंपातला काढा. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. औषधांची मनानेच केलेली मिसळ हे त्यामागचं एक कारण होतं. हे त्याच जिल्ह्यातल्या माणसांना फॉरवर्ड करताना हात कसा कापला नाही?

मामा, शनिवारी येते. ल्युअर जुने झाले असतील, नवे मी आणते. सापळे तेवढे माळ्यावरून काढून ठेवा, आणि ती क्वार्टर आणली असेल तर पंपात ओतू नका.