‘हात बसला की गार्ड काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ग्रिल-फॅब्रिकेशनवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उगवतो. खाली कुणाचं नाव नसतं, वर मात्र ‘वीस वर्षांच्या अनुभवावरून’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ग्राइंडरचं, म्हणजे लोखंड कापायच्या-घासायच्या हातमशीनचं, गार्ड (फिरत्या डिस्कवरचं पत्र्याचं अर्धं झाकण) शिकाऊ पोरांसाठी असतं, पाच इंची मशीनवर सात इंची डिस्क आरामात चालते, एकच डिस्क कापायला आणि घासायला पुरते, हातमोजे घालू नयेत, नंबरचा चष्मा असला की गॉगल नको, आणि डिस्कवरची तारीख हा कंपन्यांचा माल खपवायचा धंदा आहे. खाली अंगठ्यांचा पाऊस.

कुर्ल्यात माझा छोटा गाळा आहे. ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड, एवढंच काम. वर्षं मोजायची तर माझीही कमी भरणार नाहीत, पण इथे जरा हिशेबाने बोलू.

‘गार्ड शिकाऊ पोरांसाठी, हात बसलेल्याला त्याची अडचणच.’

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 183. चार इंची डिस्कचा घेर 31 सेंटिमीटरच्या आसपास. गुणाकार करा: डिस्कची कड सेकंदाला 57 मीटर पळते, ताशी 200 किलोमीटरच्या वर. ऐन जोरात असलेल्या विरार फास्टच्या जवळपास दुप्पट. डिस्क फुटली की तुकडा याच वेगाने सुटतो. काही दिसलं आणि हात हलला, एवढ्याला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात तुकडा 14 मीटर गेलेला असतो. माझा गाळा सहा मीटर लांब आहे. तुकडा शटर ओलांडून रस्त्यावर पोचेल तेव्हा कुठे तो वीस वर्षांचा बसलेला हात हलायला लागेल.

माझ्याकडचा सगळ्यात जुना कारागीर. हात इतका साफ की त्याने कापलेल्या पाइपला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायची गरज नसते. दोन स्टुलांवर 40 मिलिमीटरचा चौकोनी पाइप आडवा ठेवून तो बरोबर मध्ये कापत होता. दोन्ही टोकं टेकलेली असताना पाइप मधे कापत गेलं की तो स्वतःच्या वजनाने खाली वाकतो आणि वरची फट मिटते. ती मिटली आणि डिस्क आत चावली गेली. ग्राइंडर उसळून त्याच्या खांद्याकडे आला, डिस्क फाटली. माणसाला खरचटलंही नाही, कारण त्याने दोन्ही हातांनी मशीन धरलं होतं आणि तुकडा गार्डने खाल्ला. गार्डच्या आतल्या बाजूला नखाएवढा पोचा पडला होता, त्याच्या मधोमध काळी रेघ. उसळी गार्डने थांबत नाही, हे मान्य. ती थांबवायची तर दोन्ही स्टूल कापाच्या एकाच बाजूला घ्यायचे आणि तुटणारा तुकडा मोकळा लोंबू द्यायचा. तो कारागीर आता तसंच करतो, पण गार्ड त्याने त्या दिवसाआधीही कधी काढलं नव्हतं.

गार्डमुळे कापायची रेघ दिसत नाही म्हणणाऱ्यांनी ते फिरवून बघावं. ते फिरतं, त्यासाठीच दिलंय. बंद बाजू आपल्या अंगाकडे राहिली की झालं. आणि कोपऱ्यात जिथे गार्डसकट मशीन शिरतच नाही, तिथे हॅकसॉ (लोखंड कापायची हातकरवत) घ्या. पाच मिनिटं जास्त जातील.

‘पाच इंची मशीनवर गार्ड काढलं की सात इंची डिस्क बसते.’

बसते, हे शंभर टक्के खरं. दोन्हींचं भोक 22.23 मिलिमीटर, नटही तोच. घोळ इथेच आहे, कारण भोक जुळलं की माणसाला वाटतं डिस्क जुळली. सात इंची डिस्कचं लेबल वाचा. त्यावर मिनिटाला साधारण 8,500 फेऱ्यांची मर्यादा आणि कडेचा वेग सेकंदाला 80 मीटर असं छापलेलं असतं. पाच इंची मशीन 11,000 च्या आसपास फिरतं. त्यावर सात इंची डिस्कची कड सेकंदाला 104 मीटर पळणार. वेग सव्वापटीहून थोडा जास्त झाला, पण डिस्कला फाडू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो पावणेदोन पटीच्या जवळ गेला.

‘मी रोज वापरतो, कधी फुटली नाही’ हे उत्तर मला तोंडपाठ आहे. नाहीच फुटणार रोज. बनवणाऱ्याने डिस्कमध्ये थोडी ताकद राखून ठेवलेली असते, ती अशा दिवसासाठी की डिस्क कुठे आपटलीय, दमट झालीय, कापात चावली गेलीय. ती राखीव ताकद तुम्ही रोजच्या कामात खर्च करून टाकता. मग तो दिवस आला की हाताशी काही उरत नाही.

फर्निचरवाल्यांनो, लाकडासाठी ग्राइंडरवर लावता ते चार इंची दातेरी ब्लेडही याच पंगतीत. दात लाकडात रुतला की मशीन हातातून सुटतं. ग्राइंडरसोबतच्या पुस्तिकेत हे ब्लेड लावू नका असं लिहिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्यासकट भंगारात जाते, तो भाग वेगळा.

‘एकच डिस्क कापायला आणि घासायला.’

कटिंग डिस्क एक-दीड मिलिमीटर जाड असते. ती कडेवर जोर झेलायला बनवलेली, बाजूने नाही. कापून झाल्यावर तिच्याच पोटाने बर (कापाच्या कडेला राहिलेले धारदार काटे) काढणं सगळे करतात, पोरांना करताना मी रोज पकडतो. आतली जाळी एकदा मुरगळली की वरून काही दिसत नाही, आणि पुढच्या कापाला ती फाटते. बर काढायला सहा मिलिमीटरचं ग्राइंडिंग व्हील नाहीतर फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची). दोन ग्राइंडर ठेवले तर डिस्क बदलायचा कंटाळाही राहत नाही.

‘हातमोजे घालू नयेत.’

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. विणलेले सुती मोजे नकोच, त्यांचा धागा डिस्कने धरला तर बोटासकट ओढतो. हातात घट्ट बसणारे चामडी मोजे चालतात. पण मोज्यांवर वाद घालणारी मंडळीच मुंबईच्या उकाड्यात गळ्यात गमछा टाकून मशीनवर वाकतात. आधी तो काढा.

‘नंबरचा चष्मा पुरे.’

ठिणगी समोरूनच येते असं थोडंच आहे? गालावर आपटून ती चष्म्याच्या बाजूने आत शिरते. चारी बाजूंनी बंद गॉगल हवा, आणि कापताना त्यावर फेसशील्ड. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 35 खास डोळ्यांसाठी होतं. चार माणसांच्या गाळ्याला तो कायदा सहसा लागू होत नव्हता, पण उडणाऱ्या कणाला हे कोण सांगणार?

कण गेलाच तर? आपल्याकडे एक ‘एक्स्पर्ट’ असतोच, जो रुमालाचं टोक पिळून तो काढून देतो. त्याच्या हाती डोळा देऊ नका. डोळा चोळूही नका. रुतलेला लोखंडी कण काही तासांतच गंज सोडायला लागतो आणि बुबुळावर त्याचं कडं उमटतं. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आणि पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली, तर ग्राइंडिंगचं काम करतो हे आधी सांगा. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा बारीक कण त्या चुंबकाने सरकू शकतो.

‘तारीख म्हणजे धंदा.’

डिस्कच्या भोकाभोवती पत्र्याची कडी असते, तिच्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ती वापरायची मुदत, बनल्यापासून साधारण तीन वर्षं. डिस्क म्हणजे घासणारे दाणे, जाळी आणि त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं रेझिन. हे रेझिन ओल खातं आणि कमजोर होतं. जुलैमध्ये जिथे चपलांना बुरशी येते, त्या गाळ्यात उघड्यावर पडलेल्या डिस्कची काय अवस्था होत असेल? पावसाळ्यात मी डिस्क झाकणाच्या डब्यात ठेवतो. नवी लावली की आधी मिनिटभर रिकामीच फिरवायची, डिस्कच्या रेषेतून बाजूला उभं राहून. खाली पडलेली डिस्क लावायची नाही, मग ती कोरी का असेना.

मागच्या महिन्यात नागदेवी स्ट्रीटवर डिस्क घ्यायला गेलो. दुकानदाराने पंचवीसचा गठ्ठा पुढे टाकला, भाव खरंच चांगला होता. मी एक काढून कडी बघितली, तारीख सात महिन्यांपूर्वीच उलटलेली. त्याला दाखवली. ‘अरे शेठ, लोखंडाला काय एक्स्पायरी?’ म्हणाला, पण वाद घातला नाही. मागून दुसरा गठ्ठा काढून दिला, ताज्या तारखेचा. मी पैसे मोजत होतो तोवर त्याने पहिला गठ्ठा उचलला आणि फळीवर सगळ्यात पुढे लावून ठेवला.