बी.एड.ची आंतरवासिता आणि तो फिरणारा मेसेज

धाकट्या बहिणीने यंदा बी.एड.ला प्रवेश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या वर्गाच्या ग्रुपवर हा मेसेज येऊन पडला: ‘आंतरवासिता म्हणजे फुकटची वेठबिगारी. नवीन धोरणात ती जाणारच आहे. अडाणी पालकांच्या समितीपुढे कशाला उभं राहायचं? ओळखीच्या शाळेचा सही-शिक्का आणा, टाचणवही विकत घ्या, मोकळे व्हा.’ आंतरवासिता म्हणजे शिकाऊ शिक्षकाने शाळेत राहून केलेला शिकवण्याचा सराव, आणि टाचणवही म्हणजे त्या पाठांच्या तयारीची वही. मराठवाड्यातल्या ग्रुपांवर हा मजकूर जसाच्या तसा फिरतोय, आणि पोरं त्यावर विश्वास ठेवतात.

‘धोरणात जाणार’ हे धादांत खोटं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उलट लिहिलंय: प्रत्येक बी.एड. अभ्यासक्रमात स्थानिक शाळांमध्ये प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचा भक्कम सराव हवा.

सही-शिक्क्याचा सल्ला देणाऱ्याने एनसीटीईचे (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे) २०१४चे विनियम उघडून पाहावेत. दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेशी जोडलेलं काम, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. इतर कामाला उपस्थिती ८० टक्के चालते, आंतरवासितेला मात्र ९० लागते. कारण उघड आहे. कॉलेजातलं सूक्ष्म अध्यापनाचं चक्र (छोटा पाठ घ्यायचा, चुका ऐकायच्या, पुन्हा घ्यायचा) ३६ मिनिटांचं, त्यात पाठ ६ मिनिटांचा, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. तिथे कुणाची वही फाटलेली नसते आणि कुणी ऊसतोडीला जात नाही.

आता ‘अडाणी पालक’. हे वाक्य सगळ्यात घातक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परततात. छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चा विद्यार्थी, नोव्हेंबरात शाळेत गेला तर हजेरीपटावर नावं असतात, बाकं रिकामी. भरल्या वर्गासाठी केलेलं त्याचं घटक नियोजन तिथेच कोसळतं. कोणत्या घराने मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली, कोणतं पोरगं आजीजवळ राहणार, कोणती आठवीतली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला उसाच्या फडावर जाणार, हे समितीतल्या बायांना जुलैतच ठाऊक असतं. कॉलेजच्या वेळापत्रकाला ते कळत नाही.

म्हणून जून-जुलैत कॉलेज, मुख्याध्यापक आणि समिती यांची एक बैठक झाली पाहिजे. प्रत्येक मुलापुढे ‘जाणार’, ‘राहणार’, ‘कोणाजवळ’ अशी यादी करायची. अपूर्णांकासारखे पायाचे घटक दिवाळीच्या आत घ्यायचे. जाणाऱ्या मुलाबरोबर सरावपत्रिकांची फाइल द्यायची आणि परतल्यावर त्याला कुठून उचलायचं ते आधीच लिहून ठेवायचं. हंगामी वसतिगृहाची गरजही याच यादीतून दिसते. बंजारा तांड्यावरच्या शाळेत तर पहिला आठवडा नुसतं ऐकायचं. आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या लेकराचं मराठी ‘चुकलं’ म्हणून लाल रेघ मारणारा शिक्षक त्याचं तोंड कायमचं बंद करतो. गोरमाटी (बंजारा बोलीतल्या) शब्दांची यादी तांड्यातल्या आयाच करून देऊ शकतात.

वेठबिगारीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करावं लागतं. पदं रिकामी असली की काही शाळा छात्राध्यापकाला दिवसभर वर्गावर सोडून देतात. मार्गदर्शक शिक्षक स्टाफरूममध्ये, प्राध्यापक एकदाच येऊन फोटो काढून जातात. यात ना छात्राध्यापक शिकतो, ना मुलं. पण म्हणून शाळाच सोडायची? त्यावर उपाय लेखी कराराचा आहे, एका पानाचा, मराठीत. दिवसाला जास्तीत जास्त किती तास, कोणत्या शिक्षकाकडे कोण, तो शिक्षक तासाला मागच्या बाकावर बसणार का, शनिवारी अर्धा तास चर्चा कधी, आणि शेवटी प्रत्येक मुलाच्या वाचनाची नोंद शाळेच्या हाती देणार का. १००० पटापर्यंतच्या शाळेत दहापेक्षा जास्त छात्राध्यापक नकोत, हेही त्याच विनियमांत आहे. वीस जण एका शाळेत कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात दोन-तीन तास येतात, आणि मग सही-शिक्क्याचा मोह होतो.

विकतच्या टाचणवहीबद्दल एवढंच: ती लिहिणाऱ्याने तुमचा वर्ग पाहिलेला नसतो.

बहिणीला मी सांगितलंय, कॉलेजात आधी तो करार दाखवायला सांग, आणि शाळेत गेलीस की पहिल्या दिवशी समितीच्या अध्यक्षांना भेट.